‘पिक अप’चे अर्थ घोकू नका, ओळखायला शिका

‘पिक अप’ म्हणजे काय असं विचारलं की वर्गातले सगळे पोट्टे एका सुरात सांगतात, उचलणे. मग पेपरात ‘द विंड पिक्ड अप’ आलं की ‘वाऱ्याने उचलले’ लिहून मोकळे होतात, आणि मार्क गेले की गाइडमधली अर्थांची लांबलचक यादी काढून घोकत बसतात. चार दिवसांनी यादीतला सातवा अर्थ नवव्यात मिसळतो आणि गाडी परत उचलण्यावर येते. मी पांढरकवड्याकडच्या एका गावात संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना इंग्रजी शिकवते, दरवर्षी हेच पाहून राहिली आहे, म्हणून सगळं क्रमानं लिहून काढते. पायऱ्या याच क्रमानं करा, मधली एक गाळली तरी पुढची चुकते.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या नात्यातला एक पोरगा भाड्यानं गाडी चालवतो. त्याला एका पाहुण्याचा मेसेज आला, ‘प्लीज पिक मी अप ॲट बडनेरा, सिक्स पीएम’. त्याला वाटलं सहा वाजता साहेब बडनेऱ्याहून फोन करतील आणि आपण तो उचलायचा. पोरगा सहा वाजता फोन पूर्ण चार्ज करून हातात धरून घरच्या ओट्यावर बसलेला, आणि तिकडे पाहुणा स्टेशनबाहेर बॅगा घेऊन उभा. भाडं गेलं, वरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. त्याला अर्थ येत नव्हता असं नाही, फोन उचलणे हा ‘पिक अप’चा खराच अर्थ आहे, फक्त त्या वाक्यातला नव्हता. मधे ‘मी’, म्हणजे ‘मला’, बसला होता तिकडे त्याची नजरच गेली नाही.

तयारी

एक साधी वही घ्या, पान आडवं धरून तीन रकाने पाडा. पहिल्यात इंग्रजी वाक्य पूर्ण, दुसऱ्यात ‘कोणी काय पिक अप केलं’, तिसऱ्यात आपण घरात बोलताना ते मराठीत कसं म्हणू. तिसऱ्या रकान्यात पुस्तकी शब्द लिहू नका, ‘वृद्धिंगत होणे’ वगैरे परीक्षेत आठवत नाही, ‘भाव वाढले’ आठवतं.

वाक्यं गोळा करायला लांब जायची गरज नाही. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री, बातम्या, पार्सलवाल्याचे मेसेज, मोबाइलमधली डिक्शनरी. डिक्शनरी मात्र इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेली आणि प्रत्येक अर्थाखाली उदाहरण देणारी घ्या, एका शब्दाला एकच मराठी शब्द देणारी यात काही कामाची नाही. सुरुवातीला दहा वाक्यं पुरेत.

सावध: वहीत अर्थांना नंबर देऊ नका. नंबर दिला की डोकं नंबर पाठ करते, वाक्य सोडून देते.

पायरी १: आधी पूर्ण ‘पिक अप’ शोधा, तो तुटलेला असू शकतो

‘पिक’ आणि ‘अप’ दरवेळी चिकटून येत नाहीत. ‘ही पिक्ड द ओल्ड रेडिओ अप’ यात मधे तीन शब्द शिरलेत. म्हणून ‘पिक’, ‘पिक्स’, ‘पिक्ड’, ‘पिकिंग’ यातलं काहीही दिसलं की त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढा आणि वाक्य संपेपर्यंत ‘अप’ शोधा. सापडला तर त्याच्याखालीही रेघ. मधे जे अडकलंय त्याला गोल करा, कारण तेच उचललं गेलंय, म्हणजे तेच कर्म.

तपासून घ्या: ‘अप’ सापडला का? नसेल तर हा लेख त्या वाक्याला लागू नाही, ते नुसतं ‘पिक’ आहे. फरक पुढच्या पायरीत.

पायरी २: ‘पिक’ आणि ‘पिक अप’ वेगळे करा

हे आपल्या भागातल्या पोरांना सगळ्यात लवकर समजायला पाहिजे आणि सगळ्यात जास्त इथंच चुकते. ‘माय मदर पिक्स अप कॉटन’ हे वाक्य मला दरवर्षी निदान पाच-सहा वह्यांत सापडतं.

वावरात काय होतं ते डोळ्यांपुढं आणा. वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासात, म्हणजे कापसाच्या झाडांच्या ओळीत शिरते, फुटलेल्या बोंडातून कापूस चिमटीत धरून ओढते, ओटीत टाकते, ओटी भरली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नेऊन गाठोड्यात रिकामी करते. झाडावरून काढणं झालं, ते नुसतं ‘पिक’. ‘माय मदर पिक्स कॉटन’. आता अवकाळी पाण्यानं कापूस गळून मातीत पडला आणि तीच बाई वाकून तो हातात घेते, तेव्हा ‘शी पिक्स अप द कॉटन फ्रॉम द ग्राउंड’. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याचंही तसंच, झाडाचा तोडला तर ‘पिक’, खाली पडलेला घेतला तर ‘पिक अप’. झाडावरून काढलं की जमिनीवरून घेतलं, एवढा एक प्रश्न विचारला की झालं.

नुसत्या ‘पिक’चा दुसरा अर्थ निवडणे. ‘पिक अ नंबर’ म्हणजे एखादा आकडा निवड. ‘पिक आउट’ म्हणजे गर्दीतून ओळखून किंवा निवडून काढणे, ‘पिक ऑन’ म्हणजे एखाद्याच्या मागं लागून त्याला त्रास देणे. शेपटी बदलली की काम बदललं, त्यामुळं ‘पिक’ दिसला की ‘अप’ समजून पुढं पळू नका.

सावध: ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ हे आपल्याकडं सर्रास बोलतात, पण लेखी इंग्रजीत चालत नाही. ‘ही इज नॉट पिकिंग अप’ म्हणा, किंवा ‘ही इज नॉट आन्सरिंग माय कॉल’.

पायरी ३: कर्म आहे की नाही ते पाहा

गोल केलेला शब्द आहे का? किंवा ‘पिक अप’च्या लगेच पुढं वस्तू, माणूस, काहीतरी आहे का? असेल तर पायरी ४ वर जा.

काहीच नसेल तर अर्थ बहुतेक तीन-चार ठिकाणीच पडतो. बाजार, धंदा, विक्री, भाव असं काही करणारं असेल तर सुधारणे, वाढणे. ‘कॉटन प्राइसेस पिक्ड अप’, कापसाचे भाव वाढले. वारा असेल तर जोर धरणे. माणूस असेल आणि आधी फोनची गोष्ट चालू असेल तर फोन उचलणे. आजारातून उठणारा असेल तर तब्येत सुधारणे.

या वाढण्या-सुधारण्याच्या अर्थात ‘पिक्ड’च्या आधी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ घुसवू नका. ‘द मार्केट वॉज पिक्ड अप’ म्हणजे कोणीतरी मार्केट उचलून नेलं असं होतं. बाजार आपोआप वर येतो, त्याला कोणी उचलत नाही, म्हणून सरळ ‘द मार्केट पिक्ड अप’.

पायरी ४: आपल्या ‘उचल’ची परीक्षा लावा

ही मुख्य पायरी, इथं थांबा. पोरं सांगतात की इंग्रजीत एका शब्दाचे इतके अर्थ कसे, आपल्यात असं नसते. असते ना! आपण फोन उचलतो, पोलीस माणूस उचलतात, मोठा भाऊ धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च उचलतो, व्यापारी माल उचलतो, कापसाच्या भावानं उचल खाल्ली म्हणतो, आणि लहान पोराच्या तोंडून शिवी आली की माय विचारते, हे कुठून उचललं रे? यातलं प्रत्यक्ष हातानं उचललेलं किती? आणि तरी आपल्याला एकदाही अडखळायला होत नाही, कारण आपण ‘उचलणे’ ऐकत नाही, काय उचललं ते ऐकतो.

तेच इंग्रजीत करा. कर्माला ‘उचलणे’ लावून वाक्य मोठ्यानं म्हणा, कानाला बरोबर वाटलं तर अर्थ मिळाला.

‘पिक अप द फोन’, फोन उचल. ‘माय अंकल पिक्ड अप द बिल’, काकांनी बिलाचा भार उचलला, म्हणजे पैसे त्यांनी भरले, बिलाचा कागद टेबलावरून घेतला असं नाही. ‘द पोलिस पिक्ड हिम अप’, पोलिसांनी उचलला. ‘ही पिक्ड अप अ बॅड हॅबिट’, वाईट सवय उचलली.

भाषेसाठी हा शब्द फार नेमका आहे. आमच्या गावचे काही लोक कामाला आदिलाबादकडं जातात, दोन-तीन हंगामात तेलुगू बोलायला लागतात, ना पुस्तक ना क्लास, नुसतं ऐकून. ‘दे पिक्ड अप तेलुगू’. पण एखादा क्लास लावून, ग्रामर करून शिकला तर तिथं ‘लर्न्ड’ म्हणा. मुलाखतीत ‘आय पिक्ड अप इंग्लिश इन कॉलेज’ म्हटलं तर समोरचा समजते की हा सहज ऐकून-बोलून शिकला, खूप मेहनत करून शिकलं असेल तर ती मेहनत त्या शब्दात दिसत नाही.

पायरी ५: ‘उचल’ बसली नाही तर कर्माची जात पाहा

बरेच अर्थ वरच निघून जातात. उरलेल्यांत ‘उचलणे’ कानाला खटकते, आणि खटकलं हीच खूण आहे की दुसरं क्रियापद शोधायचं.

माणूस आणि गाडी असेल तर घ्यायला जाणे. ‘आय विल पिक यू अप फ्रॉम द फाटा’, मी तुला फाट्यावरून घ्यायला येतो. याचं उलट ‘ड्रॉप ऑफ’, नेऊन सोडणे.

पार्सल, दाखला, औषध असं कुठं तरी तयार असलेलं असेल तर जाऊन घेऊन येणे. बाजारातली वस्तू असेल तर जाता-येता विकत आणणे, ‘पिक अप सम व्हेजिटेबल्स ऑन युवर वे होम’, घरी येता येता भाजी घेऊन ये. याच्यात पैसे द्यायचे असतात बरं, फुकट उचलून आणायची नाही.

आजार असेल तर लागणे, होणे. ‘शी पिक्ड अप ॲन इन्फेक्शन’, तिला इन्फेक्शन झालं.

स्पीड असेल तर वेग धरणे. नेटवर्क, सिग्नल, रेडिओ स्टेशन असेल तर पकडणे, आपण म्हणतोच ना, माळावर गेलं की रेंज पकडते. विकेट असतील तर घेणे, ‘ही पिक्ड अप थ्री विकेट्स’, तीन विकेट घेतल्या. पोट्टे क्रिकेटचं वाक्य कधी चुकत नाहीत हे मी पाहिलंय, कारण तिथं ते शब्द बघत नाहीत, मॅच बघतात.

पायरी ६: कर्म एकच असेल तर करणारा पाहा

‘पिक्ड मी अप’ हे तीन शब्द घ्या आणि त्यांच्या आधी वेगवेगळे करणारे लावा.

‘माय ब्रदर पिक्ड मी अप ॲट द बस स्टँड’, भाऊ गाडी घेऊन घ्यायला आला. ‘आय फेल अँड माय मदर पिक्ड मी अप’, मी पडले आणि आईनं उचलून घेतलं. ‘अ कप ऑफ टी पिक्ड मी अप’, चहानं तरतरी आली. कर्म तिन्हीकडं ‘मी’च, पण भावाजवळ गाडी आहे, आईसमोर पडलेलं लेकरू आहे आणि चहाला ना हात आहेत ना गाडी. म्हणून दुसऱ्या रकान्यात नुसतं ‘काय’ लिहून भागत नाही, ‘कोणी’ पण लिहा. आणि ठिकाण किंवा वेळ दिली असेल, ‘ॲट बडनेरा’, ‘सिक्स पीएम’, तर ते बहुतेक करून माणूस नाहीतर वस्तू घ्यायला जायचं वाक्य असते.

सावध: मुलांनो हे नीट वाचा. ‘ही पिक्ड अप अ गर्ल’ असं नुसतं लिहिलं तर त्याचा अर्थ अनोळखी मुलीशी ओळख काढून तिला पटवणे असा वाईट लागू शकतो. बहिणीला कॉलेजातून आणलं असेल तर नातं आणि ठिकाण दोन्ही लिहा, ‘ही पिक्ड अप हिज सिस्टर फ्रॉम कॉलेज’. मग संशयाला जागा राहत नाही.

पायरी ७: ‘अप’च्या मागं शेपूट आहे का

‘अप’ झाल्यावर ‘ऑन’, ‘आफ्टर’ किंवा ‘व्हेअर’ आहे का पाहा. ‘पिक अप ऑन’ म्हणजे न सांगता ताडणे, एखाद्याचा इशारा किंवा मनातली गोष्ट लक्षात येणे. ‘पिक अप आफ्टर’ म्हणजे कोणाचा तरी पसारा त्याच्या मागं आवरत फिरणे. ‘पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’ म्हणजे जिथं थांबलो होतो तिथून पुढं सुरू करणे, वर्गात रोज लागणारं वाक्य आहे.

हे वाचून झालं की पायरी ५ परत आठवून पाहायची गरज नाही, शेपूट असली की शेपटीचंच चालते.

पायरी ८: लिहिताना-बोलताना शब्द कुठं ठेवायचे

‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ दोन्ही बरोबर. पण ‘बॅग’च्या जागी ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘हर’, ‘मी’, ‘अस’ असा सर्वनामाचा छोटा शब्द आला की तो मधेच बसतो. ‘पिक इट अप’ बरोबर, ‘पिक अप इट’ चूक. स्टाफ सिलेक्शनसारख्या परीक्षांत वाक्यातली चूक ओळखायला देतात, तिथं ही जागा पहिली तपासा.

उलट कर्म फार लांब असेल तर मधे कोंबू नका. ‘ही पिक्ड अप द बॅग दॅट हिज फादर हॅड लेफ्ट इन द बस’ हे ठीक, ‘अप’ शेवटी नेऊन ठेवला तर वाचणारा तोवर ‘पिक’ विसरून जाते.

आणि शेपूट असलेल्यांना मधे बसायचा नियम लागत नाही, तिथं ‘इट’ शेपटीच्या मागं जातो, ‘पिक अप ऑन इट’. माझ्या वर्गातली हुशार पोरं पहिला नियम पक्का झाला की नेमकी इथं अडकतात.

पायरी ९: मराठीतून इंग्रजीत जाताना उलटं तपासा

पायरी ४ मध्ये ‘उचल’ फार कामी आली म्हणून उलट्या दिशेनं ती डोळे झाकून लावू नका. सालदारानं मालकाजवळून घेतलेली उचल म्हणजे ‘ॲडव्हान्स’, ‘पिकअप’ नाही. पाऊल उचललं ‘टुक अ स्टेप’. हात उचलला असेल तर आधी पाहा, वर्गात वर केला तर ‘रेज्ड हिज हँड’, मारला तर ‘हिट’. फायदा उचलला ‘टुक ॲडव्हान्टेज’. विडा उचलणे याला तर सरळ ‘टेक अप द चॅलेंज’ म्हणावं लागते, तिथं ‘अप’ आहे पण ‘पिक’ नाही.

तपासून घ्या: मराठीतून केलेलं वाक्य परत पायरी १ पासून वाचा. जे म्हणायचं होतं तेच निघालं तर ठेवा, नाही तर शब्द बदला.

पायरी १०: कान तयार करा

कागदावर येते आणि ऐकताना जाते, कारण इंग्रजी बोलणारे हे शब्द सुटे बोलत नाहीत. ‘पिक अप’ म्हणताना ‘पिकप’ असं ऐकू येतं, ‘पिक्ड अप’चं ‘पिक्टप’ होतं आणि ‘पिक इट अप’चं ‘पिकिटप’. तुम्ही तीन शब्द शोधत बसता आणि कानावर एकच आलेला असतो. रोज पाच मिनिटं मोठ्यानं म्हणा, स्वतःच्या तोंडून निघालं की दुसऱ्याच्या तोंडचं ओळखू येते.

क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर येतो. नाम असेल, म्हणजे माल वाहायची बोलेरो पिकअप किंवा कुरिअरचं ‘पिकअप’, तर जोर ‘पिक’वर आणि लिहिताना बहुतेक जोडून लिहितात.

आता करून पाहा

खालची वाक्यं वहीत उतरवा, पायऱ्या लावा, उत्तर नंतर बघा.

१. ‘सोयाबीन सेल्स पिक्ड अप आफ्टर दिवाळी.’

२. ‘कुड यू पिक अप माय इन्कम सर्टिफिकेट फ्रॉम द तहसील ऑफिस?’

३. ‘ही फेल, पिक्ड हिमसेल्फ अप अँड रॅन अगेन.’

४. ‘द डॉग्ज पिक्ड अप द टायगर्स सेंट.’

५. ‘आय गेव्ह हर अ हिंट, बट शी डिडन्ट पिक अप ऑन इट.’

उत्तरं. पहिल्यात कर्म नाही, सोयाबीनची विक्री वाढली. इथं ‘आफ्टर’ दिसतो म्हणून पायरी ७ ची शेपूट समजू नका, मागं दिवाळी आहे, पसारा करणारा माणूस नाही, म्हणजे तो नुसता वेळ सांगतो. दुसऱ्यात तयार दाखला आहे, घेऊन येशील का. तिसऱ्यात करणारा आणि कर्म एकच, तो पडला, स्वतःच उठला आणि परत धावला. चौथ्यात ‘उचलणे’ खटकते, वास उचलत नाहीत, कुत्र्यांना वाघाचा वास लागला. पाचव्यात बहुतेक जण ‘तिने फोन उचलला नाही’ लिहितात. फोन वाक्यात कुठंच नाही, ‘ऑन’ आहे, तिला इशारा कळला नाही.